सामानाजवळ कोण थांबणार?

महाबळेश्वरचा एकही पॉइंट मी पाहिलेला नाही, पण तिथल्या प्रत्येक पॉइंटचं पार्किंग मला तोंडपाठ आहे. कुठे कणीस चांगलं मिळतं, कुठल्या झाडाची सावली दुपारपर्यंत टिकते, कुठली माकडं नुसती दात दाखवतात आणि कुठली थेट पर्स ओढतात, विचारा मला. कान्हेरीला गेले तर तिकीटखिडकीजवळचा कट्टा, माथेरानला गेले तर एक बाकडं. आम्ही मुलुंडची माणसं हौशी फार, दरवर्षी कुठे ना कुठे जाणारच. मीही दरवर्षी गेले आणि सगळं बाहेरून बघून आले.

त्याचं कारण एक प्रश्न. गाडीतून उतरलं रे उतरलं की आमच्याकडे कोणीतरी विचारतं, "सामानाजवळ कोण थांबणार?" विचारायची आपली पद्धत. विचारणाऱ्याचं तोंड आधीच माझ्याकडे वळलेलं असतं. सुरुवातीला मांडीवर झोपलेलं मूल होतं म्हणून मी थांबले. मग सासूबाईंना चालवत नव्हतं म्हणून थांबले. मूल मोठं होऊन ऑफिसात जायला लागलं, सासूबाई देवाघरी गेल्या, आणि मी आपली तिथेच, दोन पिशव्या आणि एक थर्मास घेऊन बसलेली. बरं, त्या पिशव्या भरते कोण? मीच. दशम्या, लसणाची चटणी, गुळाच्या वड्या, टॉवेल, नवऱ्याच्या गोळ्या, जुनं वर्तमानपत्र. पहाटे उठून भरायचं मी आणि दिवसभर राखायचंही मीच. नाही भरलं, तर अकरा वाजता सगळे तोंड वासून उभे.

तासा-दोन तासांनी मंडळी लालबुंद होऊन परत यायची, आणि पाणी पिता पिता नवरा न चुकता तेच वाक्य टाकायचा. "काही विशेष नाही गं. दगडच आहेत नुसते. तू काही मिस केलं नाहीस." आणि मी बावळट, इतकी वर्षं बँकेत लोकांच्या खोट्या सह्या पकडणारी बाई, हे वाक्य मात्र खरं धरून चालले.

गेल्या वर्षी उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यानंतर बदलून टाकू, तोपर्यंत काय हौसमौज करायची ती करून घ्या. त्यांच्या डोक्यात बहुधा कोणाचं तरी लग्न असावं. माझ्या डोक्यात घळ होती. आमच्या बँकेतल्या एकीने फोनवर फोटो दाखवला होता. दोन काळे कडे एकमेकांच्या इतके जवळ आलेले, की मधे उभं राहून हात पसरले तर दोन्ही हात दोन्ही कड्यांना लागतात, आणि वर आभाळाची नुसती चिंधी. मला तिथे हात पसरून उभं राहायचं होतं. माझ्या स्वतःच्या गुडघ्यांवर, आणि याच हिवाळ्यात. मी घरात तसं स्पष्ट सांगितलं. सगळे म्हणाले, वा, झकास, जाऊ या की.

मी रोज सकाळी कॉलनीच्या मागच्या डोंगराची पायवाट चढायला लागले. तिथे मुलुंडचा निम्मा ज्येष्ठ समाज टाळ्या वाजवत आणि खोटं खोटं हसत आरोग्य कमावत असतो. त्यांच्या मधून मी गुडघ्याला पट्टा बांधून दात-ओठ खात वर जायचे. नवऱ्याला वाटायचं, मी भाजीला गेलेय.

डिसेंबरात निघालो. गाडीत नवरा, मुलगा, सून, आणि बोरिवलीची नणंद. नणंदेने एकेकाळी हिमालयात एक कॅम्प केला होता, आणि तो अजून संपलेला नाही. तिच्याकडे काठी, टोपी, पाण्याची नळीवाली सॅक, सगळं होतं. फक्त खायचं काही नव्हतं. "वहिनी आणेलच ना," म्हणाली.

कसारा घाट ओलांडून बऱ्याच वळणांनंतर घळीजवळचं ते गाव आलं. गाव असं फार उरलेलं नाही. प्रत्येक घरावर पाटी: होमस्टे, टेन्ट, शुद्ध गावरान जेवण, मॅगी. कड्याच्या टोकाला एक झोका टांगलाय, त्यावर बसून दरीकडे पाय सोडायचे आणि किंचाळत व्हिडिओ काढायचा. त्यासाठी ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतची माणसं रांगेत उभी. धबधब्याचीही पाटी होती. डिसेंबरात तिथे थेंब नव्हता, पण लोक गाडी लावून उतरत होते, कोरड्या खडकासमोर फोटो काढत होते आणि पुढच्या ठिकाणी पळत होते. दरीकडे पाठ करायची आणि फोनकडे तोंड, अशी तिथली निसर्ग बघायची रीत.

पहिल्या दिवशी कडा होता. गाडीतून उतरले, तोच मुलगा म्हणाला, "आई, तू आज गुडघा वाचव. उद्या घळ आहे ना?" मला पटलं. बसले पार्किंगमध्ये. मंडळी सूर्यास्त बघून आली. नवरा पाणी प्यायला आणि म्हणाला, "काही विशेष नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घळीकडे निघालो. गावातला एक गाइड बरोबर घ्यावाच लागतो. आमचा गाइड गॉगल लावलेला, कुठल्या दगडावर कुठला रील चांगला येतो यात तरबेज. शेतातून, कारवीच्या झुडपांतून चालत आम्ही घळीच्या तोंडाशी आलो. पट्टा घट्ट बांधलेला, पाय ठणठणीत, मी खूश. तिथून खाली मोठमोठे धोंडे सुरू होतात. गाइडने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडे.

"काकी, तुम्ही इथंच बसा. सावली मस्त आहे. सगळ्या काकी इथंच बसतात."

मी वळून बघितलं. आंब्याखाली एक लांबलचक सपाट कातळ, आणि त्यावर ओळीने बायका. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. कोणाच्या मांडीवर हेल्मेट, कोणाच्या हातात नातवाचे बूट, एकीच्या गळ्यात तीन कॅमेरे. सगळ्या ग्रुपच्या सगळ्या सामानवाल्या तिथे जमा केलेल्या.

"अहो, मी येणारे," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, धोंडे बघितलेस का? पडलीस म्हणजे? वाट लागेल सगळ्यांची. आणि," त्याने खांद्यावरची पिशवी उतरवून माझ्यापुढे ठेवली, "सामानाजवळ कोण थांबणार?"

सुनेने जाता जाता दोनदा वळून माझ्याकडे बघितलं. नणंद काठी टेकत पुढे गेलीसुद्धा होती. मिनिटभरात सगळे धोंड्यांआड दिसेनासे झाले. मला रडू आलं. खरंच आलं, साठीच्या बाईला, पिशवीतल्या दशम्यांचा वास येत असताना. डॉक्टरांनी दिलेला सगळा हिवाळा मी त्या कातळापर्यंत यायला घालवला होता.

शेजारच्या घाटकोपरच्या बाईंनी न बोलता थेपला पुढे केला. मी दशमी दिली. मग बोलणं सुरू झालं. पलीकडची कांदिवलीची होती, तिच्या पलीकडची चेंबूरची.

"आत काय आहे हो?" कांदिवलीने विचारलं.

"आमचे येऊन सांगतील, काही नाही, नुसते दगड," घाटकोपर म्हणाल्या.

"आमचेही तेच म्हणतात!" चेंबूर ओरडली. "दर वेळी! तू काही मिस केलं नाहीस!"

तशा आम्ही सगळ्या जी हसत सुटलो, की माकडं झाडावरून खाली बघायला लागली. हसता हसता मला इतका संताप आला म्हणून सांगू. एकाच घरात असतं तर म्हटलं असतं, आपला नवराच तसा. इथे मुंबईच्या दोन्ही बाजूंच्या नवऱ्यांचं वाक्य एक!

मी उठले. "मी जातेय आत."

"जा ना, मी बघते तुमचं सामान," घाटकोपर लगेच म्हणाल्या. सवयच ती. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला बसवून मी जाऊ? मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? उठा."

सामान? सामान राहिलं कातळावर. सगळ्या पिशव्या एका ढिगात टाकल्या, वर कोणाचं तरी जर्किन पांघरलं, आणि निघालो. मी पहिल्या धोंड्यावरून चक्क बसून घसरले. दुसऱ्यावरूनही. पंजाबी ड्रेसची मागची बाजू कामातून गेली, चेंबूरने खालून हात दिला, घाटकोपर वरून "आस्ते, आस्ते" करत होत्या. गुडघा शिव्या देत होता, मीही देत होते. मग पाणी आलं, मांडीपर्यंत, बर्फासारखं. कांदिवली किंचाळली आणि मग तिथेच उभी राहून पोरीसारखी हसत राहिली.

पाण्यापलीकडे वळण होतं. वळले, आणि ती जागा समोर आली. कडे जवळ आलेले, ओले, काळे, वर आभाळाची चिंधी, आणि उन्हाची एक तिरीप खाली येऊन मधल्या एका दगडावर पडलेली. त्या दगडावर माझा नवरा उभा होता. एकटा. बाकीचे पुढे गेलेले. मान वर, तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना पसरून दोन्ही कड्यांना टेकवलेले. बारशाला दाखवायला आणलेल्या बाळासारखा चेहरा झाला होता त्याचा. लग्न झाल्यापासून हा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता.

माझ्या पायाखालचा दगड वाजला, तसा तो दचकला. हात खाली आले. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागच्या ओल्याचिंब बायकांकडे बघितलं, आणि पहिला शब्द काय काढावा माणसाने?

"सामान?"

मागून घाटकोपर फिस्सकन हसल्या. मी पुढे गेले, त्याला म्हटलं, "अहो, सरका." तो दगडावरून उतरला. मी चढले, हात पसरले. उजवा हात लागला. डावा लागेना, माझे हात त्याच्याहून आखूड. मी थोडी कलले, गुडघ्यातून कळ गेली, पण बोटांची टोकं टेकली. दगड थंड होता आणि आतून पाणी झिरपत होतं. मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

"काही विशेष नाही ना?" वर बघतच मी विचारलं. "दगडच आहेत ना नुसते?"

तो खाली पाण्यात उभा होता. त्याने ओले तळवे पँटला पुसले. मग म्हणाला, "तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचो गं."

"म्हणजे दर वेळी असंच होतं? काल कड्यावर? महाबळेश्वरला?"

"हो."

भांडायचं खूप काही होतं, पण मागे बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीला हात पसरायचे होते. मी उतरले.

परत आलो तेव्हा ढीग उसकटलेला होता. दशम्या माकडांनी संपवल्या होत्या, थर्मास दगडावर आपटून फुटला होता, कॅमेरे आणि गोळ्या मात्र जिथल्या तिथे. नणंद भुकेने कावली. "सामानाजवळ कोणी नव्हतं का गं, वहिनी?" मी म्हटलं, "नव्हतं." घाटकोपर, कांदिवली, चेंबूर आपापल्या माणसांत गेल्या. आम्ही नंबरही घेतले नाहीत.

गाडीकडे येताना नवरा रिकाम्या पिशव्या घेऊन मागून चालत होता. गाडीत बसायच्या आधी म्हणाला, "संध्याकाळी कड्यावर जाऊ. तू आणि मी. सामान डिकीत टाकू आणि कुलूप लावू."

गाडीला पहिल्या दिवसापासून कुलूप होतं. मी त्याच्याकडे बघितलं, गुडघ्याचा पट्टा सोडला. गुडघा सुजून टम्म झाला होता, आता पाय जमिनीवर टेकवतही नव्हता.

"तुम्हीच जा," मी म्हटलं. "आणि या वेळी येऊन खरं सांगा."