कॅनडाहून परत आलेली कॅसेट

टेप बंद करायचं काम मी आजही दुसऱ्याला सांगते. बाकी सगळी कामं माझी मीच करते.

तेव्हा आम्ही काही जण नोकरी सांभाळून बाहेरून बी.कॉम. करत होतो. रविवारी आमली गावात सरांच्या खोलीवर वर्ग भरे. सरांचा मित्र कॅनडातल्या एका कॉलेजात शिकवायचा. "तुम्हाला तिकडे पाठवणं मला जमणार नाही, तुमचा आवाज पाठवतो," म्हणत सरांनी हा उद्योग काढला. आम्ही कॅसेटवर इंग्रजीत प्रश्न भरायचे आणि ती टपालाने पाठवायची. तिकडच्या मुलांनी ऐकून त्याच बाजूवर उत्तरं भरायची. आमचं पुसलं जायचं, पण कॅसेट एकच पुरायची. पाळ्या लावणं, रेकॉर्डिंग आणि पार्सल माझ्याकडे होतं.

आमच्यातला एक जवळच राखोलीला धाग्याच्या कारखान्यात होता, मूळचा धुळ्याकडचा. त्याचं इंग्रजी सगळ्यांत कच्चं आणि प्रश्न सगळ्यांत चांगले.

"काय साहेब, कुठवर पोचलात कॅनडाला?" मी विचारायची.

"शेजारच्या मसाटपर्यंत. पुढे रिक्षावाला नाही म्हणतो."

त्या खेपेला शेवटची पाळी त्याची होती. रात्रपाळी करून तिकडची मुलं शिकतात का, असं त्याने विचारलं. कॅसेट गेली. तिचं उत्तर यायच्या आत कावीळ होऊन तो गेला.

त्याचं सामान न्यायला आई आली, ती सरांकडेही आली. कॅसेट नुकतीच परत आली होती.

"मना पोऱ्याना आवाज शे ना त्यामां?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "मावशी, तो पुसला गेलाय. आता त्यावर तिकडची मुलगी बोलतेय, त्याच्याशीच."

"मग ती लाव."

मुलीने त्याचं नाव अडखळत घेतलं. ती रात्री बेकरीत काम करते म्हणाली. मग तिने विचारलं, तू झोपतोस केव्हा? सरांनी मराठीत सांगितलं.

"दिवसा," आई टेपकडे बघून म्हणाली. "पत्रा तापायचा, तरी झोपायचा."

मुलीचं बोलणं संपलं. बंद करायला मी बटणावर बोट ठेवलं. खरखर झाली, आणि मग तो बोलला. तिकडची सगळी उत्तरं मिळून आमच्या प्रश्नांपेक्षा आखूड होती, म्हणून त्याचं शेवटचं तेवढं पुसायचं राहिलं होतं. खुर्ची सरकली, तो खोकला आणि मराठीत मला म्हणाला, "झालं माझं. बंद कर ना आता."

माझं बोट तिथेच राहिलं. फीत संपून बटण आपोआप उडालं, तेव्हा आईने विचारलं, "तुला सांगत होता का?"

मी हो म्हणाले.

कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या जिभा मी मोडल्या. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. आईने ती पदरात बांधली. तिच्या घरी टेप नव्हता. सरांनी कॅनडासाठी नवी कॅसेट आणली, आणि त्या मुलीला मी एवढंच कळवलं की तो दिवसा झोपायचा.