पोटदुखीवर नवी शाळा

गाडी शिकवणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात, असं ही बाई नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. पायाशी एक जादा ब्रेक आणि गळ्यात आवाज. तिच्याकडे दोन्ही होतं. शिकायला येणारे तिला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. वाईट वाटणं तर सोडाच, मनातून थोडा अभिमानच वाटायचा. भोंग्याच्या हाताखाली शिकलेल्यानं कधी कुणाच्या अंगावर गाडी घातली नाही, असं ती सांगे, आणि ते खरंही होतं. जिभेला हाड नव्हतं एवढंच. बाकी मनाची इतकी हळवी की शिकणारा परीक्षेत पास झाला की हिच्याच डोळ्यांत पाणी.

तर या भोंग्याच्या जिवाला घोर लागला होता लेकीचा. लेक दुसरीत. भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलेलं. गेले काही महिने मुंगीचं पोट दुखत होतं. रोज नाही, पण दुखायचं ते बहुतेक सकाळी. वेणी घालता घालता आई पाढे विचारायची, दप्तर भरता भरता शुद्धलेखन घ्यायची, आणि मध्येच मुंगी पोट धरून खाली बसायची. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. काही निघालं नाही. “मनात काहीतरी भीती असेल,” डॉक्टर म्हणाले. “कुणाला घाबरते का, जरा बघा.”

झालं. आईनं सगळं खापर शाळेवर फोडलं. एका वर्गात एवढी पोरं कोंबलेली, बाई अर्धा वेळ फळ्याकडे तोंड करून. तिथं मुंगीसारखं पोर घाबरणार नाही तर काय करणार? मुंगीला विचारलं तर ती म्हणायची, “शाळा बरी आहे.” पण पोर भिऊन खरं सांगत नाही, हे आईनं आधीच ठरवलेलं. आणि एकदा तिनं ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते बदलत नसे. आता शाळा शोधायची ती खासगी, लहानशी, जिथं पोरांवर कुणी आवाज चढवत नाही अशी.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. शांत माणूस. “अगं, एवढी घाई कशाला,” असं एकदा म्हणाला आणि मग गप्प बसला. या घरात गप्प बसणं त्याला फार पूर्वीच जमून गेलं होतं.

दोघं शाळा बघत फिरली. पहिल्या शाळेत दारातच माशांची मोठी काचपेटी आणि तिच्याशेजारी गुळगुळीत बोलणारा एक तरुण. तो पोहण्याच्या तलावाबद्दल बोलला, बसबद्दल बोलला, मुलांबद्दल तेवढं बोलायचं विसरला. दुसऱ्या शाळेत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘इथे मुलं हसत हसत शिकतात’, आणि त्याच भिंतीपलीकडून कुणीतरी एका पोराला असं झापत होतं की खुद्द भोंग्यालाच दचकायला झालं. “उठा,” ती नवऱ्याला म्हणाली. “असल्या माणसांच्या हाती मी माझी पोर द्यायची नाही.” नवऱ्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो उठला.

तिसरी शाळा तिच्या मनात भरली. जुन्या बंगल्यात भरायची, मागं बाग, मोजकी मुलं. पण जागा सगळ्या भरलेल्या. रोज रात्री अंथरुणावर पडलं की हिच्या डोळ्यांसमोर तो बंगला, आणि बाजूला झोपलेली मुंगी. आपली पोर अशीच आतल्या आत कुढत राहिली तर, या विचारानं तिची झोप उडायची.

आणि बघा, दैव कसं असतं. त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका हिच्याकडे गाडी शिकायला आल्या. केस पांढरे, आवाज मऊ, गिअर चुकला की गाडीलाच सॉरी म्हणायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. हिनं सरळ विषय काढला. “एक मूल गाव सोडून चाललंय,” मॅडम म्हणाल्या. “एक जागा होईल कदाचित. मुलीला आणा एकदा, बघू.”

तेव्हापासून हिचा जीव टांगणीला लागला. जागा एकच, ती दुसऱ्या कुणाला गेली तर? आणि मिळाली, पण माणूस वेगळाच निघाला तर? चारचौघांत मऊ बोलणारी बाई वर्गाचं दार लागल्यावर कशी असते, कुणी पाहिलंय? हिचा एक ठाम समज होता की माणसाचा खरा रंग स्टिअरिंगवर कळतो. साध्या रस्त्यावर सगळेच देव असतात, चढावर गाडी अडली आणि मागून हॉर्न वाजले की आतला माणूस बाहेर येतो. मग काय, शितावरून भाताची परीक्षा. मॅडमना चढावर न्यायचं आणि त्यांचा तोल जातो का ते बघायचं. त्यांची अजून तेवढी तयारी नव्हती, हे हिला चांगलं माहीत होतं. तरी नेलं.

नेमकं त्या सकाळी मुंगीचं पोट दुखलं. शाळा बुडली, नवरा दुकानात, म्हणून मुंगी मागच्या सीटवर कोपऱ्यात बसून होती. अनोळखी माणसासमोर ती तोंड उघडत नसे, त्यामुळे ती आहे हे दोघी विसरूनच गेल्या.

उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागला. हिरवा झाला. मॅडमनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. तिसऱ्यांदा गाडी मागे घसरायला लागली, तसा हिनं आपला ब्रेक दाबला, आणि कसली परीक्षा नि कसलं काय, सवयीनं हिच्याच तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“लक्ष कुठे असतं तुमचं? कालच सांगितलं ना? पाय आहे का दगड? रोज तेच, रोज तेच! आता सांगा, आधी काय करायचं? बोला. तोंडात काय बोळा बसलाय?”

मॅडम हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिल्या. कशीबशी गाडी पुढं गेली, चढ संपला, पुलाखाली उतरल्यावर त्यांनी ती कडेला घेतली. “ताई, मला येत होतं हो,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही बोलायला लागलात आणि सगळं गेलं.”

हिच्या मनात आलं, गेली जागा. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ती काहीतरी माफीचं पुटपुटायला लागली, तेवढ्यात मागून दोन सीटच्या मधून एक लहान तोंड पुढं आलं.

“तुम्ही घाबरू नका,” मुंगी मॅडमना म्हणाली. “माझंपण जातं. येत असलं तरी जातं. मग पोट दुखतंय म्हणायचं. मग आई ओरडत नाही. जवळ घेते.”

मॅडमनी मान वळवली, पण आईकडे नाही, मुंगीकडे. “खोटं खोटं दुखतं का गं?”

“आधी खोटं दुखायचं. आता खरं दुखतं.”

“आणि शाळेत?”

“शाळेत नाही दुखत. आमच्या बाई म्हणतात, राहू दे, उद्या सांग.”

दार उघडून खाली उतरावं आणि वाट फुटेल तिकडं चालत सुटावं, असं आईला वाटलं. एवढी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, तो पुन्हा लावला. “जागा झालीय, ताई,” त्या म्हणाल्या. “आजच कळलं. हवी असली तर तुमची मुलगी मी आनंदानं घेईन. किती छान बोलते.” ज्या शब्दांसाठी इतके दिवस जीव टाकला होता, ते हे असे मिळाले. “संध्याकाळपर्यंत फोन करते,” एवढंच हिनं सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “काय झालं शाळेचं?”

“आहे तीच राहू दे,” ती म्हणाली. “मी मॅडमना फोन करून सांगितलं.”

“आणि तिच्या पोटाचं?”

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि या खेपेला त्यालाही गप्प बसल्याची लाज वाटली. तसं त्यानं बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मुंगीला वेणी घालायला पुढ्यात घेतलं. पाढे विचारायचे नाहीत, शुद्धलेखन घ्यायचं नाही, असं स्वतःला बजावून ठेवलं होतं. निम्मी वेणी झाली. आज लाल रिबीन बांधू की निळी, एवढंच विचारायला तिनं तोंड उघडलं. समोरच्या आरशात मुंगीला ते उघडलेलं तोंड दिसलं, आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.