उभं राहून जायची होडी

विलासभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात गिरणीवर दळणासाठी थांबले होते. फोन माझ्या धाकट्या जावेचा, मंगलचा. "वैनी, हे होडीला डांबर लावत हुतं... उठून उभं ऱ्हायलं आणि तसंच खाली बसलं," एवढं बोलून तिने फोन कुणाच्या तरी हातात दिला. तसंच इस्लामपूरमार्गे गावी निघालो, गाडी माझे यजमान चालवत होते. साठीही न पाहिलेला माणूस. डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिला. आता दीड महिना झाला. भेटायला आलेला प्रत्येक जण त्या होडीबद्दल काहीतरी सांगून गेला, आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. कुणी म्हणे पैज लावून बांधली, कुणी म्हणे हौस. म्हणून खरं काय ते मीच लिहिते.

आमचं घर नदीकडच्या आळीत. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे आत्तींचे, दोन्ही गुडघे कित्येक वर्षांपासून वाकत नाहीत. जमिनीवर बसणं नाही, उंच कॉटवर टेकायचं नाहीतर उभं राहायचं. त्या मोठ्या महापुरात सकाळी पाणी उंबऱ्याला लागलं आणि रबरी बोटी तर अजून सांगलीतच होत्या. भाऊजींनी आमच्या गुऱ्हाळातली काहील आणली. उसाचा रस आटवायची ही लोखंडी परात एवढी मोठी असते की आमच्याकडे आज्या-पणज्यापासून पुरात तिचीच नाव करतात. पण काहिलीत तळाशी बसावं लागतं. उभं राहिलं की ती कलंडते. आत्तींना तर बसता येईना. शेवटी चौघांनी वाकळेवर आडवं घालून त्यांना काहिलीत ठेवलं आणि वरून पाऊस म्हणून ताडपत्री टाकली. वाटेत एका माडीवरच्या माणसाने हात जोडले. म्हातारी गेली असंच त्याला वाटलं, आणि आत्तींनी ताडपत्रीच्या फटीतून ते पाहिलं.

पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढला, तरी त्या बोलेनात. मग एके दिवशी भाऊजींना म्हणाल्या, "इलास, ह्या घरातनं मी आडवी एकदाच जाणार हुतो. ती बारी तू उरकलीस. आता पाणी आलं तर मला न्हेऊ नगंस. हितंच ऱ्हाऊ दे." आत्ती रागाने बोलल्या असत्या तर भाऊजींनी हसून सोडून दिलं असतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या. दुसऱ्या दिवशी भाऊजी बांधावरचं वठलेलं जांभूळ पाडायला गेले, कारण जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही हे त्यांना विहिरीत घातलेल्या फळ्यांमुळे माहीत होतं. बाकी होडीतलं त्यांना शष्प कळत नव्हतं.

मलाही नव्हतं. माझं माहेर माणातलं, टँकरच्या पाण्यावर वाढलेली मी. भाऊजी मला 'कोरडवाहू' म्हणायचे. तरी सुट्टीला गेले की मी गुऱ्हाळाच्या छपरात खुर्ची टाकून सल्ले द्यायचे, आणि ते तोंडात खिळे धरून ऐकायचे. पहिली होडी त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून केली, कुठल्याशा केरळातल्या होडीसारखी. लांबलचक, निमुळती, देखणी. तिच्यात उभं राहिलं की ती अशी डुगडुगायची, की मांजरसुद्धा उतरून गेलं असतं. भाऊजींनी विचार केला, तळाशी वजन नाही म्हणून हलते. आमच्या काळ्या रानात दगड शोधायला मैलभर जावं लागतं, पण छपरात खराब झालेल्या गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पडून होते. ते सगळे त्यांनी होडीच्या तळाशी रचले आणि वरून फळ्या ठोकल्या.

खरं सांगते, होडी दगडासारखी बसली. भाऊजी तिच्यात उभे राहिले, चालले, एक पाय उचलूनही दाखवला. चार दिवसांनी अख्ख्या आळीला बोलावलं. पांढरा सदरा घालून ते उभे राहिले, काठाकडे बघून हात वर केला आणि त्याच पवित्र्यात नदीत गेले. फळ्या उचकटल्या तर खाली एकही रवा नव्हता, नुसती काकवी. सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याने गूळ विरघळेल हे आयुष्यभर गूळ करणाऱ्या माणसाला सुचलं नाही! महिनाभर त्या होडीला मुंगळे लागले होते. मी साताऱ्याहून फोन करून, नदीचं पाणी गोड लागतंय का, असं विचारायचे. ते म्हणायचे, "आवं वैनी, हसा. पर वजनानं न्हाई भागत, हे तर कळलं का न्हाई?"

ते त्यांना खरंच कळलं होतं. होडी मोडली आणि त्याच फळ्यांतून दुसरी केली, बैठी, सपाट तळाची, पहिलीच्या दुप्पट रुंद. आत्ती चालताना पाय फाकवून टाकतात. एके दुपारी भाऊजी टेप घेऊन त्यांच्या दोन पावलांमधलं अंतर मोजायला बसले, तेव्हा आत्तींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तरी मोजलंच. पाय उचलून आत टाकणं त्यांना जमणार नाही म्हणून पुढची बाजू ट्रॉलीच्या फाळक्यासारखी खाली पडणारी केली. त्यावरून थेट चालत आत जायचं. धरायला मधोमध आडवी दांडी, तीही आत्तींच्या कमरेच्या मापाने. सांध्यांत ताग ठासला, वर डांबर. या खेपेला आळीला बोलावलं नाही. मंगल त्या होडीत उभी राहून निवांत वेणी घालून आली. मीसुद्धा उभी राहिले, डोळे मिटून, पण राहिले. असं नेटकं काम मी दुसरं पाहिलेलं नाही आणि पाहीन असं वाटतही नाही.

आत्ती मात्र आल्या नाहीत. पुरासाठी केलेल्या वस्तूत कोरड्या दिवसांत पाय ठेवला तर पूर येतो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यानंतर तसं पाणी आलं नाही. दर वर्षी पावसाआधी भाऊजी डांबर लावायचे, नुसतं एकदा चढून बघ म्हणायचे, आणि त्या मान फिरवायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं, राहू द्या की, पूर आला की आपसूक चढतील. ते म्हणाले, "आली न्हाई तर? ती हट्टानं बसली तर मी काय करू, वैनी?" होडी कितीही पक्की केली तरी आईला त्यात चढवणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि ती धास्ती त्यांच्या मनात शेवटपर्यंत होती...

तेराव्याला पाहुणे गेल्यावर यजमानांनी राहिलेली बाजू डांबरून घेतली. आठ दिवसांनी, आम्ही साताऱ्याला निघायच्या तयारीत असताना, आत्ती म्हणाल्या, मला मोटरीच्या घराकडं न्या. नदीकाठच्या त्या पंपाच्या खोलीपर्यंत गाडी जाते, आणि होडी तिथेच पाण्यात बांधलेली होती. उतरल्यावर त्यांनी काठी मंगलच्या हातात दिली. फाळका पाडलेला होता. त्या पाय फाकवत, एक एक पाऊल टाकत आत गेल्या आणि दांडी धरून उभ्या राहिल्या. यजमानांनी बांबू रेटला आणि होडी सावकाश पलीकडच्या काठाकडे निघाली. मी आत्तींच्या मागे, त्या पडायला लागल्या तर धरायला म्हणून उभी होते. माझी काही गरजच पडली नाही.

नदीच्या मध्यावर त्या म्हणाल्या, "त्याच्या म्होरं उभी ऱ्हायलो असतो तर काय बिघडलं असतं माझं?" मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्या मात्र समोर बघत होत्या. थोड्या वेळाने यजमानांना म्हणाल्या, "पाणी आलं की हाक मार. मी येतो."

परत अलीकडच्या काठाला लागल्यावर मंगलने हात पुढे केला. आत्तींनी दांडी सोडली नाही.

"आनखी एक फेरी मार," त्या म्हणाल्या.

ऊन कलेपर्यंत आम्ही चार फेऱ्या मारल्या.