सरकलेला दात

कपाट आवरताना दातांवर बसवायचा माझा जुना निळा रिटेनर सापडला. घालून पाहिला, तर बसेना.

धाराशिवला तारा काढल्या त्या दिवशी जीभ दातांवरून नुसती घसरत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रोज घाल, नाहीतर दात जुन्या जागी परत जातात." माझे वडील, अण्णा, थक्कच झाले. आमच्या गावी, तेरला परतताना एसटीत माझी हनुवटी धरून बघत राहिले. हसले, तेव्हा त्यांचा दातावर चढलेला दात दिसला. तारा लावण्याआधी माझाही तसाच होता.

"बांधावरचा दगड वीतभर हालला तर गावात भांडण पेटतंय," ते म्हणाले, "अन् हितं हाडातला दात सरकला, तरी आवाज न्हाय!"

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. आज आरशापुढं ओठ उचलून पाहिला. आवाज न करता दात परत चढलाय, अगदी अण्णांचा होता तसा.