पोटावरची पिशवी

"ऊठ. आधी सतरंजीवरून ऊठ."

वहिनी एवढंच बोलल्या. हातात हळदीकुंकवाचं तबक. समोर पंधरा-वीस बायका. मी उठले तर लुगडं कमरेपासून खाली ओलं, पिवळं. वास सुटलेला. एकीने पदर नाकाला लावला. मग तिचं बघून बाकीच्यांनी लावला.

वहिनी म्हणजे गावातल्या मोठ्या घरच्या सूनबाई. नवरा सोसायटीचा चेअरमन. माझी अंगणवाडी त्यांच्याच पडवीत भरायची, आणि हा उपकार त्या आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या. मी डोंगराकडच्या वाडीवरची. सातवी शिकलेली, म्हणून सेविका झालेली.

मी पायऱ्या उतरत होते तेव्हा त्यांनी मोलकरणीला सतरंजीवर गोमूत्र शिंपडायला सांगितलं. मी वळून बघितलं. गाईचं मूत पवित्र. माझ्या पोटातली पेज विटाळ. धन्य ती अक्कल.

झालं होतं असं. आदल्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. ताप अंगावर काढला, आतडं फुटलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात पोट उघडलं आणि आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलं. लालभडक. त्यातून सारखं पातळ यायचं, ते झेलायला पिशवी. पिशवीच्या मागे चिकट चकती. चकतीला भोक कापायचं, तोंडाभोवती बसवायची. एवढं सांगून मला घरी धाडलं. परत पोट उघडणं धोक्याचं, म्हणाले. म्हणजे ही जन्माची.

ती काही टिकायची नाही. सकाळी लावली की दुपारी कडेने झिरपायची. खालचं कातडं मिरची वाटून लावल्यासारखं जळायचं. आई त्यावर खोबरेल लावायची, तेवढंच गार वाटायचं. वर पिशवी, पिशवीवर फडकं, फडक्यावर घट्ट नाडी. तपासणीला गेले तर डॉक्टर लांबूनच म्हणाला, "तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही." दिवसातून तीनदा धुणाऱ्या बाईला हा शहाणा सांगत होता. हातसुद्धा न लावता. आणि मी ते खरं मानलं. त्याचा राग मला अजून येतो. त्याच्यापेक्षा माझा जास्त.

हळदीकुंकवानंतर तिसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला. 'पोरांचा खाऊ तू शिजवतेस. राजीनामा दे, नायतर आमी वर कळवू.' सोमवारी सुपरवायझर मॅडम येणार होत्या. मी रडले. राजीनामा लिहूनही ठेवला.

पिशव्या संपल्या होत्या म्हणून शनिवारी दवाखान्यात गेले. वॉर्डात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, फटकळ तोंडाच्या. त्यांनी पडदा ओढला आणि माझं पोट जवळून बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी जवळून बघत होतं.

"तेल कोणी लावलं?"

"आईने. जळतंय म्हणून."

"तेलावर कधी काही चिकटतं का गं? आणि एवढं मोठं भोक?"

"दवाखान्यातून दिलं तेवढंच कापते."

"तेव्हा तोंड सुजलेलं होतं. आता लहान झालंय. मधलं कातडं उघडं पडतं, त्यावर आतड्यातलं पातळ बसतं, ते कातडं खातं. तुझा काय दोष त्यात?"

तुझा काय दोष त्यात. हे मला कोणी बोललं नव्हतं.

त्यांनी जाड कागदावर तोंडाचं माप घेतलं. भोक अगदी जरासंच मोठं कापलं. साध्या पाण्याने धुतलं, मऊ कपड्याने टिपलं, जळलेल्या जागी पावडर टाकून जास्तीची झटकली. मला उभं केलं, म्हणजे पोटाची वळी सुटते. चकती लावून माझाच तळहात वर ठेवला. "दाबून धर. उबेने चिकटते. आणि अर्धी भरायच्या आतच रिकामी कर, वजनाने सुटते." बदलायची ती सकाळी, काही खायच्या आधी.

रविवार गेला. पिशवी टिकली. सोमवारी सकाळी लिहिलेला राजीनामा चुलीत घातला.

मीटिंग त्याच पडवीत. दोन तास मी मधोमध बसले. वहिनी मॅडमना सांगत होत्या, हिच्या हातचं खाऊन पोरं आजारी पडतील.

मी म्हटलं, "कोण पडलं आजारी? एक नाव सांगा."

मॅडम कागद चाळत बसल्या. वहिनी म्हणाल्या, "आता गळत नाय कशावरून? दाखव बघू."

"आधी तुमी तुमचं पोट दाखवा, वहिनी. तुमच्या पोटात पण तेच हाय. माझं पिशवीत हाय, एवढाच फरक."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. वहिनी लाल झाल्या. माझी नोकरी राहिली. पडवीला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं, मी पोरं माझ्या घराच्या ओट्यावर बसवली. मोठ्या घरांतली चार आली नाहीत. त्यांचं नुकसान.

पुढे काही वर्षांनी त्याच सिस्टरनी मला मुरबाडच्या पलीकडे एका गावात पाठवलं. तिथे नुकतं माझ्यासारखंच ऑपरेशन झालेली एक सून होती. तिला गोठ्यात ठेवलेलं. म्हशीच्या शेजारी गोधडी, वेगळं ताट. मी तिला माप घ्यायला शिकवलं. कापायला शिकवलं. तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला.

सासू दारातून बघत होती. म्हणाली, "गळायची थांबली की घेऊ आत."

"गळली तरी आत."

"म्हणजे?"

"कधीतरी गळणारच. माझी अजून गळते. पुसायचं आन् परत लावायची. त्यासाठी माणूस गोठ्यात ठेवत नाय. अंथरूण उचला."

सासू हलली नाही.

मीच गोधडी काखेत मारली. सुनेचा हात धरला आणि घराचा उंबरठा ओलांडला. कोणाला विचारलं नाही.