झिंकच्या प्लेटवरचे पट्टे

“सर, हे काळं पाणी आमच्या प्लांटचं दाखवलंय का? हो किंवा नाही, तेवढंच सांगा.”

रोह्यातल्या एका केमिकल कंपनीचे एचआर मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघत होते. कंपनीने कामगारांच्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि मी परीक्षक म्हणून पेणहून आलो होतो. समोरचं एचिंग सानिकाचं, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं. गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभी असलेली तिची आई, आणि जाळ्याखाली काळाकुट्ट डाग. सानिकाचे वडील, काशिनाथ, याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. ते मागे हात बांधून उभे होते. त्यांचा गेटपास त्याच आठवड्यात रिन्यू व्हायचा होता.

एचिंग म्हणजे झिंकसारख्या धातूच्या प्लेटवर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओढायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये ठेवायची. मेण निघालं असेल तिथे ॲसिड धातू खातं. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. खाच जितकी खोल तितकी काळी. मेण पातळ लागलं तर ॲसिड नको तिथेही शिरतं. त्याला आम्ही फाउल बायटिंग म्हणतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक.

मी डाग जवळून पाहिला. ॲसिडच्या ट्रेमध्ये प्लेट आडवी असते, डाग कसाही पसरतो. इथे सरळ पट्टे होते, एकावर एक. आमच्या पेणच्या खाडीत खांबांवर भरती-ओहोटीचे असेच पट्टे उमटतात. ही प्लेट पाण्यात उभी होती.

तेवढ्यात मॅनेजरांना फोन आला आणि ते बाजूला गेले.

“प्लेट कुठे ठेवली होतीस?” मी हळूच विचारलं.

“आईच्या रेषा ॲसिडच्या, सर. खालचं काळं नाल्याचं. कंपनीचा नाला खाडीत पडतो ना, तिथे आठ दिवस उभी केली होती. त्या पाण्यानेच धातू खाल्ला.”

काशिनाथांनी ऐकलं. “सर, माजा पास हाय ओ,” एवढंच म्हणाले.

मॅनेजर परत आले. “मग?”

“टेक्निकल डिफेक्ट,” मी म्हणालो. “मेण पातळ लागलंय. नवशिक्याची चूक.”

त्यांनी सानिकाकडे पाहिलं. तिने बापाकडे.

“व्हय सर. चुकलंय माझं.”

मॅनेजर खुलले. चूक असली तरी चित्र छान आहे म्हणाले आणि ते रिसेप्शनमध्ये लावायला सांगितलं. पास रिन्यू झाला.

सानिका मला स्टेशनवर सोडायला आली. “तुम्ही ओळखलं होतंत ना, सर?”

“बघताक्षणी.”

“मग झालं,” ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तीस वर्षं मी पोरांच्या चुका काढल्या. त्या दिवशी एका पोरीचं सगळ्यात अचूक काम चूक ठरवलं आणि सही करून तिला दुसरा नंबर दिला. लाज वाटते. काशिनाथांचा चेहरा आठवला की मात्र दुसरं काय बोललो असतो, ते सुचत नाही. हल्ली परीक्षक म्हणून बोलावणं आलं की आधी विचारून घेतो, बक्षीस कोण देतंय.