आधी गच्ची, मग डोंगर

वराळ्यातल्या आमच्या इमारतीतून कुणी डोंगरावर मुक्कामाला निघालं, की यशवंतभाऊ त्याला आधी गच्चीवर झोपायला लावायचे. नियम एकच. डोंगरावर जे नेणार तेवढंच घेऊन शनिवारची रात्र वर काढायची आणि सकाळपर्यंत कशासाठीही घरात उतरायचं नाही. उतरलात, की मोहीम आठवडाभर पुढे. पाण्याला उतरलात तरी आणि काडेपेटीला उतरलात तरी. कुणी कुरकुर केली की भाऊ म्हणायचे, "हितं जिना हाये म्हनून उतरता. तितं कुटं उतरणार?"

भाऊ रेल्वेत चावीवाला होते. हातोडा घेऊन लोणावळ्याच्या घाटात रोज मैलोन्‌मैल चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झालेली दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी पाय थांबेनात. बसले तर गुडघा हलायचा, उभे राहिले तर जिन्याच्या कठड्याचे स्क्रू चाचपायचे. तिकोणा पेठ ही त्यांची सासुरवाडी, त्यामुळे पवनेच्या बाजूचा डोंगर त्यांच्या पायाखालचा होता. भाऊ गेल्याला आता दोन पावसाळे झाले. पण गच्चीवर गेलो की अजून मला चोरट्यासारखं वाटतं. का, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

मी तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. माणूस उतावळा. घड्याळाकडे बघत जेवणारा. माझी मुलगी रेवा तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिला दमा आहे. सहामाही परीक्षा झाली की तिकोणा गडाच्या पलीकडच्या पठारावर तंबूत राहू, असं मी तिला कबूल करून बसलो होतो. भाऊंना कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ते कागद घेऊन दारात हजर झाले. "कुटं झोपणार ते लिवा. कधी परतणार ते लिवा. आन् त्या टायमाला न्हाई आलात तर कोन हुडकायला येणार, त्याचं नाव लिवा."

"भाऊ, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"म्हनून तर. लय दिवसांसाठी माणूस नीट बांधतो. एका रातीला तसाच उठून जातो."

पुढचे चार दिवस त्यांनी मला सोडलं नाही. कामावरून आलो की जिन्यातच गाठायचे. ओढा कोरडा दिसला तरी त्याच्या पात्रात तंबू नको. वाळल्या गवतात जाळ नको, भात घरून शिजवून न्या. बूट सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचू असतो. पवना धरणाच्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, तळाचा गाळ पाय सोडत नाही. आणि ज्याच्या रानात झोपणार त्याला विचारल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. मी मान हलवत होतो आणि मनातल्या मनात बस पकडत होतो.

पहिल्या शनिवारी मी पाण्याच्या बाटल्यांसाठी उतरलो. दुसऱ्या शनिवारी रेवाच्या कानटोपीसाठी. दोन्ही वेळा सकाळी भाऊ वर आले, "उतरलात का?" म्हणाले, आणि मी खरं सांगितलं. मोहीम दोन आठवडे पुढे गेली. रेवा माझ्याशी बोलेना.

तिसऱ्या शनिवारी नऊच्या सुमारास रेवा झोपली आणि मला आठवलं, तिचा पंप खालीच राहिला. श्वास अडकला की तोंडात मारायचा तो पंप. माझी पावलं आपोआप जिन्याकडे वळली. पायांत काही न घालता उतरलो, पंप घेतला, जॅकेटच्या खिशात टाकला आणि परत येऊन पडलो. सकाळी भाऊंनी विचारलं, "उतरलात का?"

"नाही," मी म्हणालो.

भाऊंनी जिन्याच्या कठड्याचा एक स्क्रू चाचपला. मग म्हणाले, "बरं. मग जा पुढल्या शनिवारी."

त्या शनिवारी ऊन कडक होतं. मी जॅकेट घरीच टाकलं. आणि पंप त्याच्याच खिशात राहिला.

पठारावर पोहोचलो तेव्हा चार वाजले असतील. रानाच्या मालकाला विचारून जागा ठरवली आणि मी घाईघाईने गवत झोडपून साफ करू लागलो. भुसा उडाला. रेवा खोकायला लागली, मग खाली बसली, मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी सॅक उघडली. बाहेरचा कप्पा बघितला, आतला बघितला, शेवटी सगळी सॅक गवतावर उलटी केली. पंप नव्हता. तो जॅकेटमध्ये राहिल्याचं आठवलं. खालच्या गावापर्यंत दीड तासाची उतरण होती.

रेवाने माझ्या मनगटाला धरून मला बाजूला केलं. बोलता येत नव्हतं तिला. कमरेला बांधलेली एक खाकी पिशवी तिने उघडली, त्यातून शाळेच्या दप्तरातला तिचा दुसरा पंप काढला, हलवला आणि तोंडात धरला. दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग म्हणाली, "यशवंत आबांनी शिवून दिली काल. म्हणाले, तुझा श्वास तुझ्याच कमरेला पाहिजे, पप्पाच्या सॅकेत नको."

आम्ही राहिलो नाही. उजेड होता तोवर उतरलो आणि गावातून भाऊंना फोन केला की परतलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आमच्या खालच्याच मजल्यावर ते राहायचे. भाऊ नेहमीसारखे उभ्यानेच चहा पीत होते.

"भाऊ, मी खोटं बोललो. त्या रात्री मी उतरलो होतो."

"ठावं हाये मला. तुमचं घर माझ्या डोक्यावर. अनवाणी चाललात तरी ऐकू येतं. उभा जन्म रूळ ऐकण्यात गेला माझा."

"मग मला अडवलं का नाहीत?"

"अडवलं असतं तर मला न सांगता गेला असतात. पोरीला घिऊन." त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमी थांबणारं माणूस न्हाई, सुपरवायझर. म्हनून मी पोरीची तयारी करून घेतली."

डोंगरावर मी रेवाला सांभाळायला चाललोय, असं मी धरून चाललो होतो. भाऊंनी मात्र तिला कशाकशापासून सांभाळायचं हे मोजताना गाळ, जाळ आणि विंचवाबरोबर मलाही मोजलं होतं. आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.